गुंडीचं रजिस्टर

बायडाबाईंचं कुत्रं आजारी पडलं की ते साऱ्या बोळाला कळायचं, कारण बायडाबाई गप्प व्हायच्या. एरवी ही बाई म्हणजे नुसता तोंडाचा पट्टा. बत्तीस वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून काढलेली. चाळीस पोरांच्या कालव्यात आपला आवाज वर ठेवायचा म्हटल्यावर गळा काय बारीक राहतोय व्हय? रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी नळाला पाणी उशिरा आलं की कोल्हापूरच्या कदमवाडीतल्या त्या बोळात पहिला आवाज त्यांचाच. पण गुंडी आडवी झाली की तो आवाज कुठं जायचा कुणास ठाऊक. दाराला आतनं कडी, आणि दुधाची पिशवी पायरीवर तशीच पडून. मग शेजारचा आरिफ न बोलावता आपली रिक्षा दारात आणून लावायचा आणि खिडकीतनं विचारायचा, "मावशी, पडली काय पुन्यांदा?"

"पडली रं बाबा," एवढंच आतनं यायचं.

गुंडी म्हणजे काही कुणी विकत घेतलेली, गळ्यात पट्टा आणि अंगाला शांपू अशी कुत्री नव्हे. तांबूस गावठी कुत्री, एक कान उभा, एक पडका. बायडाबाईंचे मालक गणपतराव एसटीत ड्रायव्हर होते. ते गेले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, संध्याकाळी मांडव सोडला, पावणी आपापल्या गाडीला गेली, मुलगा पुण्याला गेला. बायडाबाई झाडू घेऊन खोली लोटायला लागल्या तर पत्र्याच्या पेटीमागं हे पिल्लू अंगाची गुंडी करून झोपलेलं. हाकलायला झाडू उचलला आणि तसाच खाली ठेवला. सगळी गेली, ही तेवढी राहिली. नाव तिथंच पडलं.

तीन वर्षं धडधाकट होती. चौथ्या वर्षी हे दुखणं मागं लागलं. आधी भाकरीला तोंड लावायची नाही. मग ओकायची, मग थरथर कापायची, आणि दुसऱ्या दिवशी मागचे पाय असे लुळे पडायचे की उचलून उभी केली तरी पोत्यासारखी खाली. डोळे तेवढे उघडे, बायडाबाईंकडं लागलेले. पहिला डॉक्टर म्हणाला जंत. दुसरा म्हणाला गोचीड ताप. तिसऱ्यानं रक्त तपासलं आणि म्हणाला, किडनी गेली, जास्त आशा ठेवू नका. बायडाबाई घरी येऊन पदर तोंडात घालून रडल्या. आणि सलाईनच्या चार बाटल्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी ही किडनी गेलेली कुत्री बोक्याच्या मागं घरामागच्या परड्याची भिंत चढत होती! परत रक्त तपासायला दिलं, तर सगळं नॉर्मल. डॉक्टरनं कागद पालथा करून बघितला. मागच्या बाजूला काय लिहिलेलं असणार, कपाळ?

दोन-तीन महिने बरे जायचे. की परत तेच.

समोरच्या काकू म्हणाल्या, दृष्ट लागलीया, मीठ-मोहऱ्या उतरून टाका. बायडाबाईंनी त्यांना उभं-आडवं घेतलं. "बत्तीस वर्षं बायकांना सांगत आले, पोराला दृष्ट-बिष्ट कायबी लागत न्हाई, आधी त्याचं वजन करा. आता म्हातारपणी कुत्र्याची दृष्ट काढू व्हय मी?"

बोलून गेल्या, आणि आपलंच बोलणं त्यांच्या डोक्यात बसलं. वजन करा.

अंगणवाडीचा एक जुना टांगता काटा घरी पडून होता, पोरांना झोळीत घालून वजन करायचा. तो त्यांनी परड्याच्या तुळईला अडकवला. जुन्या लुगड्याची झोळी केली. गुंडी पहिल्या दिवशी झोळीत घाबरून मुतली, आठ दिवसांत मात्र सकाळ झाली की आपण होऊन काट्याखाली जाऊन उभी राहायला लागली. मग दोनशे पानी लांब वही आली, पट्टीनं रकाने आखले गेले. तारीख. वजन. काय खाल्लं. उलटी. शी. अंगणवाडीत अकरा रजिस्टरं सांभाळलेली बाई, तिला एक रजिस्टर म्हणजे काय हो. वजन बरं असलं की हिरवी खूण, घसरलं की पिवळी, आडवी झाली की लाल. आणि सगळ्यात शेवटचा रकाना: कोण आलतं.

हा रकाना नोकरीतनं आलेला. पोराचं वजन घटलं की बायडाबाई थेट घर गाठायच्या आणि आधी हेच विचारायच्या. घरात कोण आलतं, कोण गेलं, आई माहेरी गेली काय, बाप पिऊन आला काय. पोराचं वजन एकटं घटत नाही, घरात कायतरी घडलेलं असतं, हे त्यांचं ठाम मत. आणि ते चूक होतं असं कुणी म्हणू नये. त्या मतावर त्यांनी कितीतरी पोरं वाचवली होती.

दिवाळीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत वही लिहिली. बुद्धपौर्णिमेनंतरच्या बुधवारी गुंडी परत पडली, सलाईन झालं, उठली. ती उठली त्या दुपारी बायडाबाई चष्मा लावून लाल खुणा मोजायला बसल्या. चार होत्या. प्रत्येक लाल खुणेसमोर, शेवटच्या रकान्यात, त्यांच्याच अक्षरात तेच लिहिलेलं होतं. प्रसेनजीत, अक्षता, सांची. दिवाळीची सुट्टी, ते गेले, दुसऱ्या दिवशी लाल. नाताळ, लाल. चौदा एप्रिल, लाल. बुद्धपौर्णिमा, लाल. एकदा प्रसेनजीत कंपनीच्या कामाला एकटाच येऊन एक रात्र राहून गेला होता. तेव्हा हिरवी.

बायडाबाईंनी ते परत एकदा वाचलं. मुलगा एकटा आला तर हिरवी, सून आली की लाल.

आता अक्षताबद्दल सांगायला पाहिजे. पुण्यात वाढलेली, बँकेत नोकरी, बोलायला गोड पण मोजून मापून. सासूशी भांडण म्हणाल तर एक नाही. पण घरात पाऊल टाकलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आई, हिला जरा मागं बांधता का?" गुंडी जवळ आली की पाय वर घ्यायची. सहा वर्षांची सांची गुंडीच्या गळ्यात पडून लोळायची तेव्हा हिचा चेहरा असा व्हायचा की बघवत नव्हता. आणि चौदा एप्रिलच्या सुट्टीत बायडाबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी एक गोष्ट बघितली होती. सगळे मिरवणूक बघायला गेलेले. या मधेच पाणी प्यायला घरी आल्या, तर अक्षता परड्यात गुंडीसमोर वाकलेली, हात पुढं केलेला. सासू दिसल्याबरोबर तिनं हात झटकन मागं घेतला, मूठ पदराखाली, तोंड लालबुंद. "काही नाही, काही नाही," म्हणाली. काही विचारलं नव्हतं तरी.

तेव्हा बायडाबाईंनी मनावर घेतलं नव्हतं. आता वहीतली लाल खूण आणि ती पदराखालची मूठ एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. माणसाला एकदा संशय आला की त्याला जे पाहिजे तेच दिसतं, आणि इथं तर लेखी पुरावा होता. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत धड. तिसऱ्या दिवशी मुलाला फोन लावला.

"जयभीम आई," प्रसेनजीत म्हणाला. "काय म्हणतीस? गुंडी उठली काय?"

"उठली. तू बसलायस काय? ऐक." आणि बायडाबाईंनी वही उघडून तारखा वाचायला सुरुवात केली. मीटिंगला सुपरवायझरसमोर अहवाल वाचावा तशी तारीख, वजन, किती घटलं, कोण आलतं. चारी तारखा वाचल्या. मग परड्यातली मूठ सांगितली. "माझं रजिस्टर खोटं बोलत न्हाई, प्रसेन. तिला कुत्रं नको असंल तर नको म्हणावं तोंडानं. इष घालून मुक्या जनावराला का मारायचं?"

पलीकडं ताटलीत चमचा पडला.

"आई, तू काय बोलतीयास तुला कळतंय का?"

"कळतंय. तू एकटा येत जा आता. तिला आणू नगंस."

मग एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि अक्षताचा, अगदी हळू, "ठीक आहे आई." फोन स्पीकरवर होता. जेवायला बसलेत सगळे, हे तेव्हा कळलं. बायडाबाईंना वाटलं, बरं झालं, तोंडावर सांगितलं. आम्ही कोल्हापूरची माणसं, पाठीमागं एक आणि पुढं एक आम्हाला जमत नाही. अशी स्वतःची समजूत काढत त्या बराच वेळ हातात बंद फोन घेऊन बसल्या.

त्यानंतर कोण आलं नाही. प्रसेनजीतसुद्धा नाही.

आणि बघा मजा, गुंडी बरी राहिली. जून हिरवा गेला. जुलै हिरवा. ऑगस्टमध्ये वजन साडेपंधरा किलो झालं, आजवरचं सगळ्यात जास्त. बायडाबाईंनी आरिफला वही दाखवली. "बघ. सून येईनाशी झाली आणि कुत्री सुधारली. मी म्हणत न्हवते?" आरिफनं वही बघितली, मान खाजवली. "मावशी, माझी आम्मी म्हणायची, बरोबर निघाल्यावर माणसाला बरं वाटाया पायजे. तुमचं तोंड का असं?"

"चल, ये आता, भाड्याला उशीर व्हईल तुला," म्हणून बायडाबाईंनी त्याला घालवलं.

पण खरंच होतं ते. जितक्या हिरव्या खुणा वाढत होत्या तितकं त्यांचं घर मोठं आणि मोकळं होत चाललं होतं. रविवारी सकाळी प्रसेनजीतचा फोन यायचा. जयभीम, जेवलीस काय, गोळ्या घेतीस काय, पाऊस हाय काय. चार मिनिटं. सांचीला दे म्हटलं की ती खेळायला गेलेली असायची, नाहीतर झोपलेली, नाहीतर अंघोळीला. सकाळी दहाला कुठलं पोरगं तीन तीन महिने दर रविवारी अंघोळीला असतं? बायडाबाईंनी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठं होतं. फोन ठेवला की त्या गुंडीशी बोलायच्या, मोठ्यानं, पण आता त्यातही राम नव्हता. कुत्रीला काय, जे सांगाल ते कबूल. रात्री एका भाकरीचं पीठ मळताना त्यांना रडू यायचं आणि त्या पिठालाच शिव्या घालायच्या.

पण कुत्री जिवंत होती. त्यांनी नातीच्या बदल्यात कुत्री वाचवली होती. असला व्यवहार कुणी शहाणा माणूस करत नसतो, पण त्या मुक्या जिवाला मरू देऊन सुनेचं मन राखायचं होतं काय? तुम्हीच सांगा. रोज सकाळी त्या स्वतःला हेच विचारायच्या आणि झोळी अडकवायच्या.

मग गणपती आले. मागच्या गल्लीतल्या मंडळाची मूर्ती यायची होती, आणि दुपारी बारालाच भिंतीएवढी डॉल्बी बोळाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. कोल्हापुरात डॉल्बी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. पत्रे थरथरतात, फडताळातली भांडी सरकतात, छातीत दुसराच कुणी ठोका देतो. गुंडी कॉटखाली शिरली ती चार तास कापत होती. बायडाबाई कॉटखाली अर्ध्या शिरून तिचे दोन्ही कान हातांनी दाबून पालथ्या पडल्या होत्या. अंधार पडायच्या आत मिरवणूक पुढं गेली. गुंडी पाणी प्यायली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. असली वाईट कधी पडली नव्हती. जिभेला रंग नाही, पाय बर्फासारखे गार. बायडाबाईंनी तशीच उचलून झोळीत घातली, आधी वजन केलं. हसू नका. माणूस घाबरला की त्याला जे येतं तेच करतो. वहीत लिहिलं. तारीख. वजन, साडेचौदा. काय खाल्लं, काही नाही. लाल खूण. आणि पेन शेवटच्या रकान्यावर येऊन थांबलं.

कोण आलतं?

कुणी नाही. साडेतीन महिने या घरात कुणी आलं नव्हतं. कुणी येऊ नये याची व्यवस्था त्यांनीच केली होती, आणि ती चोख झाली होती. 'कुणी न्हाई' असं त्यांनी लिहिलं. म्हणजे अक्षता निर्दोष होती. आपण काय केलं हे? कुणाला काय बोललो आपण?

"मावशी!" आरिफ दारात होता. "शहरातलं डॉक्टर बास झालं. कागलला एक डॉक्टरीण बाई हायत, माझ्या शेळ्यांना त्यांनीच वाचीवलं. चला."

"कागलला पोचस्तोवर राहती काय ही?"

"आधी बसा तर!"

हायवेनं रिक्षा सुसाट. मांडीवर गुंडी, आणि काखेत वही. वही का घेतली ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरीणबाई म्हणजे सदफ जमादार, जेमतेम तिशीची पोर. तिनं गुंडीच्या छातीला नळी लावली आणि भुवया वर केल्या. "एवढी खलास झालीया, तर ठोके पळायला पाहिजेत. हिचे हळू हळू चाललेत." सलाईन लावलं, रक्त काढलं, आतल्या मशीनवर लावून दिलं. मग बायडाबाईंच्या काखेकडं बघून म्हणाली, "ते काय हाय?"

आजवर एकाही डॉक्टरनं विचारलं नव्हतं. बायडाबाईंनी वही दिली. सदफ उभ्या उभ्या वाचायला लागली, मग स्टूल ओढून बसली. पानं मागं-पुढं करून अर्धा तास वाचत होती.

"मावशी, माझ्याकडं माणसं येतात त्यांना कुत्र्यानं काल काय खाल्लं ते सांगता येत न्हाई. आणि तुम्ही दहा महिन्यांचं वजन लिहिलंय. हे प्रसेनजीत कोण? मुलगा? मुलगा आला की ही काय करती?"

"एकटा आला तर कायबी न्हाई. त्याला वळखती, शेपटी हलवती, झोपती." बायडाबाई अडखळल्या. "नात आली की मग येडी हुती बघा. चार दिवस झोप न्हाई का खाणं न्हाई. तिच्या मागं मागं. पोरीनं उडी मारली की ही उडी मारती. आणि पोरगी गेली की दारात बसून राहती, हाक मारली तरी आत येत न्हाई."

"आणि मग पडती."

"व्हय." मग खाली मान घालून, आरिफ ऐकतोय हे माहीत असून, त्या म्हणाल्या, "मला वाटलं, सून कायतरी घालती खायला."

सदफनं वही मिटून परत दिली. आतनं कागद आला, तो तिनं वाचला. "सोडियम पार खाली, पोटॅशियम डोक्यावर. मला वाटलंच. खात्रीची एक तपासणी अजून करायची, पण हेच असणार. मावशी, आपल्याला कसलाबी दणका बसला, भीती म्हणा, दगदग म्हणा, आनंद म्हणा, की अंगात एक रस सुटतो, त्याच्या जोरावर आपण तो दणका सोसतो. मूत्रपिंडाच्या डोक्यावर वाटाण्याएवढी ग्रंथी असती, ती हे काम करती. हिची ती ग्रंथी वाळत चाललीया. रोजचं कसंबसं भागतंय. घरात कायतरी मोठं घडलं की भागत न्हाई, की ही आडवी. ॲडिसन्स म्हणतात ह्याला. लई फसवं दुखणं. किडनीसारखं दिसतं, पोटासारखं दिसतं, सलाईन दिलं की जातं. कुणाच्या लक्षात येत न्हाई."

"म्हंजे इष न्हवतं."

"कसलं इष मावशी? नात आल्याचा आनंद सोसंना तिला. डॉल्बी काय आणि नात काय, हिच्या अंगाला दोन्ही सारखंच."

बायडाबाईंना तिथं सगळ्यांसमोर हुंदका फुटला. आरिफ बाहेर जाऊन रिक्षा पुसायला लागला.

आठ दिवसांत खात्रीचा रिपोर्ट आला. दुखणं जन्माचं, पण गोळ्यांवर गुंडी म्हातारी होईल असं सदफनं सांगितलं. रोज दोन गोळ्या, आणि घरात पाहुणे यायच्या दिवशी, गणपतीत, फटाक्यांत, त्यातली पांढरी गोळी दुप्पट. बायडाबाईंनी विचारून विचारून पक्कं करून घेतलं. नात आली तर चालंल? चालंल. चार दिवस राहिली तर? राहू दे की मावशी, खुशाल राहू दे.

ते 'खुशाल' घेऊन त्या घरी आल्या आणि तीन दिवस फोनसमोर बसून काढले. अक्षताचा नंबर त्यांच्याकडं लग्नापासून होता. लावला मात्र कधीच नव्हता. शेवटी लावला.

"आई? काय झालं? बऱ्या आहात ना?" अक्षता घाबरून म्हणाली. सासूचा फोन म्हणजे कुणी गेलं असंच वाटलं असणार.

"मी बरी हाय. अक्षता, माझं चुकलं. रजिस्टर बरोबर हुतं, मी चुकले." आणि त्यांनी सगळं सांगितलं, डॉल्बी, कागल, वाटाण्याएवढी ग्रंथी, गोळ्या. एका दमात. सांगून झालं तेव्हा घाम फुटला होता.

पलीकडं अक्षतानं कुठलं तरी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिवशी परड्यात मी तिला बिस्किट देत होते. लहानपणी मला कुत्रं चावलंय, आई. मांडीला अजून खूण आहे. सांची सारखी गुंडी गुंडी करते, म्हटलं आपण भीती घालवू या. पण हात पुढं केला की आपोआप मागं यायचा. तुम्ही आलात आणि मला लाज वाटली."

"मग मला सांगायचं की गं."

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही तारखा वाचल्या."

बायडाबाईंनी समोरची वही मिटून बाजूला ठेवली.

"मी विसरले असं खोटं नाही बोलणार," अक्षता म्हणाली. "वेळ लागेल मला. पण आम्ही येऊ, आई. माझं सोडा. प्रश्न सांचीचा आहे. तो फोन तिनं ऐकला होता. आमच्या शेजारीच बसली होती जेवायला. तेव्हापासून ती गुंडीचं नाव घेत नाही. कोल्हापूर म्हटलं की पोट दुखतं म्हणते. आम्ही गेलो की गुंडी मरायला लागते, असं तिच्या डोक्यात बसलंय. किती समजावलं."

म्हणून ती अंघोळीला असायची. बायडाबाईंचे डोळे भरून आले. "दे तिला फोन. मी समजावते. बत्तीस वर्षं तेच केलंय मी."

खुडबुड झाली. मग एक बारीक आवाज, "आजी?"

"अगं माझी बाय ती! ऐक, गुंडी बरी हाय. मम्मानं तिला कायबी दिलं नव्हतं. आजीचं चुकलं, आजी येडी."

"मग ती का आजारी पडते?"

"तुझ्यावर तिचा लई जीव हाय म्हणून. तू आलीस की तिला एवढा आनंद व्हतो, एवढा आनंद व्हतो, की तिच्या अंगाला झेपत न्हाई. पण आता डॉक्टरीण आंटींनी गोळी दिलीया. गोळी दिली की काय व्हत न्हाई. कळलं?"

"हो," सांची म्हणाली. जरा थांबून परत, "हो."

पोरगं हो म्हणालं म्हणजे त्याला कळलंच असं नसतं, आणि आपण सांगितलेल्यातलं त्यानं अर्धंच उचललेलं असतं, हे बायडाबाईंइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? पण माणूस स्वतःच्या गरजेपुढं आंधळा होतो. त्यांनी ते हो घट्ट धरलं, आणि त्या दिवशी बोळात नळाच्या पाण्यावरनं चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. रविवारी व्हिडिओ कॉल करायचा ठरला. सांचीनं गुंडीला बघायचं, मग दिवाळीची तिकिटं काढायची.

रविवारी सकाळी बायडाबाईंनी गुंडीला अंघोळ घातली, वजन केलं, पंधरा भरलं. नुसता फोनच होता, पण त्यांनी पांढरी गोळी गुळाच्या खड्यात घालून दुप्पट दिली. कशाला जोखीम घ्या. फोन पत्र्याच्या पेटीवर तांब्याला टेकून उभा केला. स्वतः नवं लुगडं नेसल्या. दहा वाजता रिंग आली आणि सांचीचा चेहरा दिसला. दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले. केवढी वाढली होती पोर!

"आजी," ती कुजबुजली, "ती कुठं आहे?"

"ही काय!" बायडाबाईंनी फोन गुंडीकडं वळवला.

गुंडी पायात तोंड घालून पडली होती. कुजबुजणं तिला ऐकू गेलं. पडका कान उभा राहिला. मग ती उठली, फोनजवळ आली, वास घेतला, आणि तिची शेपटी पत्र्याच्या पेटीवर अशी धाडधाड वाजायला लागली की शेजारी आरिफनं खिडकी उघडली. अंग पिळवटून कुई कुई करत ती फोन चाटायला लागली, दोन पायांवर उभी राहिली, मागं पळाली, परत आली. बायडाबाई हसत होत्या आणि रडत होत्या. फोनमधल्या चिमुकल्या तोंडावर हसू पसरलं, पडलेल्या दोन दातांची फट दिसली. आणि मग ते हसू एकदम थांबलं.

"आजी, ती खूश व्हायला लागली."

"व्हय की गं! बघ की किती—"

"आजी, खूप खूश होतेय ती! मम्मा, बंद कर! मम्मा, पटकन बंद कर ना!"

फोन काळा झाला.

"अगं गोळी दिलीया तिला," बायडाबाई म्हणाल्या. "डबल दिलीया." गुंडी पेटीच्या मागं जाऊन, वाकून, पोर कुठं गेली ते शोधत होती. बायडाबाईंनी परत फोन लावला. रिंग वाजत राहिली, संपली. त्यांनी परत लावला. कुणी उचलेना. तिकडं पुण्यात एक सहा वर्षांची पोर दोन्ही हातांनी फोन दाबून धरून गुंडीचा जीव वाचवत होती.